तूवा भाषेत लिहिलेलं कुलूप

तुम्ही खोटं लिहिलंत.

विद्यापीठाच्या टेकडीवरच्या त्या काचेच्या इमारतीत बसून, पुढ्यात दालचिनीचे बन आणि फुकटची कॉफी घेऊन, थंड डोक्यानं खोटं लिहिलंत आणि वर त्याला 'मार्गदर्शिका' असं नाव दिलंत. 'अडचण आल्यास' या प्रकरणातलं पहिलंच वाक्य: डीबग, म्हणजे चुका शोधायची सोय, चालू करा, त्यामुळे प्रोग्रामच्या वागण्यात काडीचाही फरक पडत नाही, तो फक्त आपण काय करतोय ते सांगू लागतो. यातला 'काडीचा' हा शब्द माझा. बाकीचं पाप तुमचं.

प्रोग्राम लिहायची तुमची ती तूवा भाषा मी कशासाठी वापरली, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, कोणीतरी प्राध्यापक असेल, एखादं प्रमेय सिद्ध करत असेल. मी सिक्स्टन ब्रोड. गोथेनबर्ग बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालो. तूवा शिकलो ती संध्याकाळच्या अभ्यासवर्गात, तोही मास्तर बाप झाल्याच्या रजेवर गेल्यावर अर्ध्यात बंद पडला. त्यानंतरचं सगळं मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून स्वतः शिकलोय. आणि या भाषेत मी आमच्या सोसायटीच्या सामाईक धुलाईखोलीचं कुलूप लिहिलं.

हसू नका. या शहरात माणसं घटस्फोट शांतपणे घेतात. नोकरी गेली तर खांदे उडवतात. पण कोणी दुसऱ्याच्या पाळीत कपडे धुतले, तर दारावर अशा चिठ्ठ्या लागतात की वाचून घाम फुटावा. आमच्याकडची एक नमुन्यादाखल: "गाळणीत कोणाचा तरी पायमोजा सापडला. मोज्याला लाज नसते. मालकाला असावी." अक्षर सुंदर, खाली सही नाही, आणि सगळ्या इमारतीला माहीत की लिहिणारी इंगेयेर्ड पालमक्विस्ट, सोसायटीची अध्यक्ष. दातांच्या कवळ्या बनवण्यात तिची हयात गेली. माणूस बोलत असला की ती त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, जरा खाली, दातांकडे बघते.

पूर्वी भिंतीवर एक फळा होता. फळ्यावर दिवसांची आणि वेळांची भोकं. प्रत्येक घराला एक छोटा कुलपाचा गट्टू, तो ज्या भोकात अडकवाल ती पाळी तुमची. ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालली, कारण दुसऱ्याचा गट्टू हलवणं हे आमच्याकडे खुनाच्या जवळपासचं समजलं जातं. मग कोणीतरी हलवला. वार्षिक सभेत इंगेयेर्ड म्हणाली, "एखाद्या कंपनीकडून इलेक्ट्रिक कुलूप घेऊ." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कशाला? मी करून देतो."

माझी बायको गुनवोर हिनं डोळे मिटले.

"तू?" असं म्हणाला तो फोल्के. पहिल्या मजल्यावर राहतो. टेलिफोनच्या कारखान्यात आयुष्यभर सी भाषेत प्रोग्राम लिहीत आला आणि आपण सोडून बाकी जग बिनडोक आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत. "कशात लिहिणार?"

"तूवामध्ये."

"ती प्राध्यापकांची फंक्शनल भाषा? ती तर शेवटी सगळं सी मध्येच उतरवते ना?"

"हो."

"मग सरळ सी मध्येच का लिहीत नाहीस? तू म्हणजे दुभाष्या घेऊन स्वतःच्या बायकोशी बोलणारा माणूस आहेस, सिक्स्टन."

"सी मध्ये तू जिन्यातल्या दिव्याचा टायमर केलास, फोल्के. दिवा भर दुपारी लागतो."

"लागतो ना? मग!"

तर मी लिहायला घेतलं. माझा प्रोग्राम एका पानात मावत होता. तूवानं त्याचं सी मध्ये भाषांतर केलं, आणि माझं एक पान एका जाडजूड ठोकळ्याएवढं झालं. सी चा कंपायलर, म्हणजे ते यंत्राला समजेल असं करून देणारा प्रोग्राम, तो ठोकळा वाचायला बसला आणि पहिल्याच दिवशी त्यानं मला कळवलं, की एक्केचाळीस हजारांच्या पुढच्या कुठल्यातरी ओळीत त_९१७ नावाच्या इसमाचा घोळ आहे. मी आयुष्यात या इसमाला भेटलो नाही. मी त्याला बोलावलं नव्हतं. तो माझ्या प्रोग्राममध्ये कसा आला, कोणी आणला, काय करतो, कशाचाच पत्ता नाही. तुमची मार्गदर्शिका म्हणते, तयार झालेलं सी वाचायची वापरकर्त्याला गरज पडू नये. नका ना पडू देऊ मग!

पण मी चिवट आहे. त_९१७चा बंदोबस्त केला, कुलूप चालू झालं, आणि मी इंगेयेर्डला दाराबाहेरची, छोट्या पडद्याची कळपट्टी दाखवायला खाली घेऊन गेलो.

"मी गुरुवार घेतला आणि मग रद्द केला, तर?" तिनं विचारलं.

"या भाषेत बनलेली गोष्ट कधी बदलत नाही," मी अभिमानानं म्हणालो. "जुना आठवडा तसाच राहतो. प्रोग्राम नवा आठवडा बनवतो, त्यात तुझा गुरुवार नसतो."

"आणि जुन्या आठवड्याचं काय करतो?"

"कचऱ्यात टाकतो."

"कुठल्या कचऱ्यात?" इंगेयेर्डचा आवाज खाली आला. काच, कागद, प्लास्टिक, धातू यांत गल्लत करणाऱ्याला तिनं भर अंगणात रडवलेलं आहे.

"आपोआप जातो तो. पण तू गुरुवार मागितलास आणि सोडलास, याची नोंद कायम राहते. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी राहतात. कोणी कळ दाबली की प्रोग्राम पहिल्या नोंदीपासून सगळं पुन्हा चालत येतो आणि आज काय आहे ते ठरवतो."

तिनं विचार केला. "माझ्या बाबतीत हे मला पसंत नाही," ती म्हणाली. "इतरांच्या बाबतीत फार पसंत आहे."

मग समितीनं एकमतानं दोन ठराव केले. एक, कुलूप चालवणारं यंत्र इंटरनेटला जोडायचं नाही. इंगेयेर्डचे शब्द: "माझ्या चादरी कधी धुतल्या जातात, हे परक्या देशांना कळण्याचं कारण नाही." दोन, शंका असेल तेव्हा दार बंद राहील. यंत्र कुठे ठेवायचं यावर चर्चा झालीच नाही, कारण प्लग फक्त धुलाईखोलीच्या आत होता. तेव्हा ते आत ठेवलं. दारामागे. हे वाक्य पुन्हा वाचा. आम्हा शहाण्यांपैकी एकालाही त्या दिवशी त्यात काही वावगं दिसलं नाही.

मार्चअखेरीस उन्हाळी वेळेसाठी सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे गेली आणि एका सकाळी फोल्के आपल्या पाळीत आत शिरला, तर समोर इंगेयेर्ड बादलीत स्वेटर पिळत उभी. दोघांचीही पाळी खरी. दोघंही माझ्या दारात.

"एकाच वेळी दोन माणसं!" इंगेयेर्ड म्हणाली. "मी अंतर्वस्त्रं वाळत घालत होते, सिक्स्टन."

"मी काही बघितलं नाही," फोल्के म्हणाला.

"बघितलं असतंस तरी तुला काय कळणार होतं!"

ती गेल्यावर फोल्के माझ्या खुर्चीत बसला. "डीबग चालू कर," तो म्हणाला. "कुठे घसरतं ते तुला ओळीओळीनं सांगेल. आणि चालूच राहू दे. पुढच्या वेळी माझा वेळ घालवू नकोस."

मी तुमचं पुस्तक उघडलं. वागण्यात फरक पडत नाही, असं स्वच्छ छापलेलं. मी डीबग चालू केलं, चूक सापडली, उन्हाळी वेळेचा तास दुरुस्त केला, आणि डीबग चालूच ठेवलं. एप्रिल गेला, मे गेला. कुलूप सुतासारखं सरळ. दारावरच्या चिठ्ठ्या बंद झाल्या. मी अंगणातून जाताना लोक मान हलवू लागले. आमच्या इमारतीत मान हलवणं म्हणजे जवळजवळ मिठीच.

मग जून आला.

तिसऱ्या मजल्यावर सेनाद हाजिच राहतो, ट्राम चालवतो. त्याची बायको फिकरेता एका नाट्यगृहाच्या कपडेखात्यात शिवते, आणि त्यांची मुलगी अमेला यंदा शाळा संपवत होती. शेवटच्या दिवशी पोरं पांढऱ्या टोप्या घालून शाळेच्या पायऱ्यांवरून किंचाळत बाहेर धावतात, मुली पांढऱ्या ड्रेसमध्ये, खाली घरचे लोक लहानपणीचे फोटो काठ्यांवर नाचवत उभे. अमेलाचा ड्रेस फिकरेतानं स्वतः शिवला होता, हिवाळाभर, लोकांच्या राण्या आणि भुतं शिवून घरी आल्यावर. आदल्या दिवशी दुपारी अमेलानं तो घालून दाखवला. मावशीनं भारावून मिठी मारली. मावशीच्या हातात बीटच्या सॅलडची वाटी होती.

फिकरेतानं आरडाओरडा केला नाही. आपल्या पाळीत ड्रेस खाली नेला, डाग काढला, वाळवायच्या पंख्यासमोर टांगला आणि वर आली. पाच वाजता आणायला गेली, तर दार उघडेना. कळपट्टीवर एकच ओळ: अंतर्गत चूक, ओळ एक्केचाळीस हजार अमुक.

मी खाली गेलो तेव्हा सेनाद, फिकरेता आणि अमेला दारासमोर उभे होते. आतून पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"पोरीचा कार्यक्रम सकाळी आहे," सेनाद म्हणाला. "आत्ता दुकानं उघडी आहेत. काय करू, नवीन आणू?"

"काही नको," मी म्हणालो. "अर्ध्या तासात उघडतो."

तो 'अर्धा तास' माझ्या अंगात कुठून आला, मला माहीत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात तो असतो. तुमच्याही असेल.

"यंत्र बंद करून चालू करा," अमेला म्हणाली.

"यंत्र आत आहे."

तिनं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुलूप उघडणारं यंत्र कुलपाच्या आत आहे?"

मी बाहीनं कळपट्टी पुसायला लागलो.

फोल्के म्हणाला, फ्यूज काढू. तळघरातल्या फ्यूजच्या पेटीवर नावं त्यानंच लिहिली होती, तेव्हा त्यानं आत्मविश्वासानं खटका पाडला. धुलाईखोलीचा पंखा घरघरतच राहिला. वर लिफ्ट थांबली. लिफ्टमध्ये गुनवोर होती. तिच्या हातात अमेलाच्या मेजवानीसाठीचा खारा सँडविच केक होता, पावाच्या थरांत कोळंबी भरलेला, तिच्या छातीएवढा रुंद.

"सिक्स्टन!" दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधून आवाज आला. "हे तूच आहेस ना?"

"फोल्के आहे!"

"फोल्केला कोणी खाली बोलावलं?"

खटका परत वर केला, पण लिफ्ट एकदा रुसली की तिला कंपनीचाच माणूस लागतो. गुनवोर आत, कोळंबी आत, आणि जून महिना. फोल्केनं दुसरा खटका पाडला, तो बरोबर निघाला. यंत्र बंद झालं, चालू झालं, पहिल्या नोंदीपासून चालत निघालं आणि त्याच जागी कोसळलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा कोसळलं. शंका असेल तेव्हा दार बंद. एकमतानं ठरलेलं.

"दार फोडा की," सेनाद म्हणाला.

"हे बॉम्बहल्ल्यापासून वाचवणारं दार आहे," इंगेयेर्ड जिन्यावरून म्हणाली. आमची धुलाईखोली तळघरातल्या जुन्या निवाऱ्यात आहे, पोलादी दार, हातभर जाड भिंत. "त्याला ओरखडा काढायचा असेल तरी सरकारी खात्याची परवानगी लागते."

कुलूपवाला आला. दार बघून त्यानं पेटीदेखील उघडली नाही. "निवारा आहे हा," म्हणाला. "खात्याचा कागद आणा." खात्याला फोन लावला तर टेपवरच्या एका मधाळ बाईनं सांगितलं, की कार्यालय दुपारी बंद झालं असून उद्यापासून सुट्टी जोडून आली आहे, आणि युद्ध सुरू झालं असेल तर कृपया दुसरा क्रमांक फिरवा.

"फिरवू का?" फोल्केनं विचारलं.

अमेला इतका वेळ बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती. "किती वाजले?" तिनं विचारलं. सेनादनं सांगितलं. दुकानं केव्हाच बंद झाली होती. तिनं मान खाली घातली. ती रडली असती तर बरं झालं असतं. फिकरेता दाराजवळ गेली आणि तिनं त्या पोलादावर तळवा ठेवला. मग माझ्याकडे वळली. "अर्धा तास म्हणालास," ती म्हणाली. एवढंच. ती माझ्याशी जे शेवटचं बोलली ते हे, नंतरचा एक प्रसंग सोडून.

तेव्हा इंगेयेर्ड वर गेली आणि हातात काहीतरी पांढरं घेऊन खाली आली. तिचा कवळ्यांच्या कारखान्यातला कोट. कडक इस्त्री, खिशावर बारीक हिरव्या धाग्यानं भरलेलं तिचं नाव आणि शेजारी एक छोटा दात.

"हा कधीच दुसऱ्या कोणाच्या पाळीत धुतलेला नाही," ती म्हणाली. "घाल."

फिकरेतानं तोंडात टाचण्या धरल्या आणि तिथेच, तळघराच्या दिव्याखाली, कंबर आवळली, बाह्या कापल्या. नाव उसवायला गेली तर अमेला म्हणाली, "राहू दे."

सकाळी शाळेसमोर मी मागच्या रांगेत उभा राहिलो, झाडाआड. माझ्याशेजारी गुनवोर, रात्री उशिरा लिफ्टमधून सुटलेली, अंगाला अजून कोळंबीचा वास येत होता, तीही माझ्याशी बोलत नव्हती. दारं उघडली, पांढरा लोंढा बाहेर आला, आणि त्यात आमची अमेला, कंबर आवळलेल्या डॉक्टरी कोटात, टोपी तिरकी, ओरडत. गर्दीतून सेनादला शोधत आली, मग मला झाडाआडून हुडकलं.

"सिक्स्टन, आत्तापर्यंत तिघांनी मला दात दाखवले," ती म्हणाली. "एकाला खरंच कीड आहे."

"अमेला, मी..."

"आज नको," ती म्हणाली. "आज मला नाचायचंय. उद्या मला सांग ते का पडलं. नीट सांग. 'अंतर्गत चूक' म्हणालास तर मी खरोखर दात पाडीन."

सुट्ट्या संपल्यावर खात्याचा माणूस हातभर लांबीचा पाना घेऊन आला आणि दार बिजागऱ्यांवरून उचलून बाजूला ठेवलं. ड्रेस टांगलेलाच होता. डाग नाही, सुरकुती नाही. फिकरेतानं तो काढला, घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "छान वाळलाय." क्रेनवरून माझ्या हातून एकदा कंटेनर निसटला होता, तेव्हाही मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं.

अमेलाला सांगायचं होतं म्हणून मी ते शोधून काढलं. तुमच्या भाषेत 'पुन्हा कर' असं सांगता येत नाही. काम पुन्हा करायचं असेल तर फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, स्वतःलाच बोलावतं. प्रत्येक बोलावण्याला एक चिठ्ठी मागे राहते: मी येतोय, जागा धरा. एरवी सी चा कंपायलर शहाणा असतो. ज्याचं काम संपलंय त्याची चिठ्ठी फाडतो आणि जागा पुढच्याला देतो. पण डीबग चालू असलं की तो एकही चिठ्ठी फाडत नाही, न जाणो कोणाला बघायची असली तर. एप्रिलमध्ये नोंदी थोड्या होत्या, चिठ्ठ्यांचा ढीग मावला. जूनपर्यंत नोंदी वाढल्या. निम्म्या इंगेयेर्डच्या, गुरुवार घेतला, गुरुवार सोडला. ढीग छताला टेकला आणि यंत्रानं मान टाकली. म्हणजे चूक शोधायला जे चालू केलं, तीच चूक. मी ते बंद केलं, आणि कुलूप त्या क्षणापासून मुकाट चालतंय.

हे सगळं मी तुम्हाला कळवलं. उत्तर आलं: आमच्याकडे असं घडत नाही, कृपया छोटं उदाहरण पाठवा. मी पाठवलं. तुम्ही लिहिलंत: चिठ्ठ्या फाडणं हे सी च्या कंपायलरचं काम, त्यांना विचारा. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, चिठ्ठ्या फाडू असं वचन आम्ही कधीच दिलं नव्हतं, तूवावाल्यांना विचारा. मी पुन्हा तुम्हाला लिहिलं. तुम्ही माझ्या तक्रारीवर 'ज्ञात वर्तन' असा शिक्का मारलात आणि ती बंद केलीत. ज्ञात! म्हणजे तुम्हाला माहीत होतं! फोल्केला हे वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "सी मध्ये निदान चूक माझी स्वतःची असते."

मी हे इथेच सोडूनही दिलं असतं. पण जुलैत प्रवेशाचे निकाल लागले आणि अमेला जिन्यात भेटली. तिला जागा मिळाली आहे. तुमच्याकडे. टेकडीवर. ऑगस्टअखेरीस ती तुमच्या वर्गात बसेल, आणि पहिल्या सत्रात तूवा शिकवतात, हे तिनं मला सांगितलं.

"तू विचार त्यांना," मी म्हणालो.

"मी पहिल्याच दिवशी भांडू? तू विचार," ती म्हणाली. "तुझं तोंड तसंही वाईट आहे."

म्हणून विचारतो. आज सकाळी मी तुमची मार्गदर्शिका पुन्हा उघडली. ते वाक्य जागच्या जागी आहे, स्वल्पविरामासकट. ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही मला लेखी कळवलं आहे. एक ओळ खोडायला तुम्हाला ना खात्याची परवानगी लागते, ना कुलूपवाला. ती मुलगी वर्गात येऊन बसेल, पुस्तक उघडेल, त्या वाक्यावर बोट ठेवेल आणि हात वर करेल. तेव्हा तुम्ही तिला ते खरं म्हणून शिकवणार आहात का? 'ज्ञात वर्तन' नको, छोटं उदाहरण नको. हो की नाही, तेवढं सांगा.